पळसखेडीच्या ओसरीवरचा दिवा

आजवर कुणाला सांगितलं नाही, ते आधी सांगून टाकतो. आमच्या समितीच्या अहवालात बुलढाणा जिल्ह्यातल्या पळसखेडी गावाबद्दल एक ओळ आहे : ‘वीजपुरवठा आहे, ग्रामस्थ समाधानी.’ ती ओळ माझ्या हातची आहे, आणि ती मी कंदिलाच्या उजेडात लिहिली.

मी विधानसभेचा सभासद, नगरकडचा. बोलण्यापेक्षा ऐकणारा म्हणून सभागृहात माझी ओळख. सरकार खेडोपाडी वीज नेतंय म्हणतं ती खरंच पोचते का, लोक चुलीत काय जाळतात, आणि जळणापायी डोंगर उघडे पडले म्हणून पाऊसमान बिघडलं ही जी ओरड आहे तिच्यावर सरकार काय करतं, हे जागेवर जाऊन पाहण्यासाठी आमची समिती नेमली होती. पावसानं पाठ फिरवलेली वर्षं होती ती. दौऱ्याचे जिल्हे वाटले तेव्हा अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, “बुलढाण्याला तुम्ही हवातच. तुमची सासुरवाडी ना तिकडची?”

होती. पळसखेडी, सुलतानपूरपासून आत, बैलगाडीच्या वाटेवर. माझी पत्नी इंदू तिथली. आमच्या गावच्या शाळेत तिचे काका मास्तर होते, त्यांनी हे लग्न जुळवलं. दौऱ्याच्या आदल्या वर्षी ती गेली. मी आमदार झाल्यापासून ती जाईपर्यंत, या साऱ्या वर्षांत मी सासुरवाडीला पाऊल टाकलं नव्हतं, तिलाही नेलं नव्हतं. म्हणून समितीचा एक माणूस म्हणून निघालो खरा, पण गाडीत बसताना मनात होतं ते दुसरंच.

मलकापूर ते बुलढाणा

मलकापूरला रेल्वेतून उतरलो तेव्हा वैशाखाचं ऊन फलाटावर पसरलं होतं. हमालानं माझी वळकटी उचलली आणि विचारलं, “कुठं जाऊन राह्यले, साहेब?”

मी उत्तर द्यायचं विसरलो. ‘जाऊन राह्यले’. किती दिवसांनी ऐकलं ते! इंदू लग्नानंतर आमच्याकडे आली तेव्हा असंच बोलायची. ‘मले भूक नाई’, ‘काऊन हसता?’ माझ्या बहिणी हसायच्या. मी तिला बाजूला घेऊन दुरुस्त करायचो. पुढं पुण्यामुंबईच्या लोकांत ऊठबस वाढली तेव्हा तर फारच. तिनं माझी भाषा शिकून घेतली, पण मग चारचौघांत ती बोलेनाशीच झाली. आता स्टेशनाबाहेर टांगेवाले, चहावाले, भाजीवाल्या, सगळेच तिच्यासारखे बोलत होते आणि मी मुक्यानं ऐकत उभा होतो.

मोताळ्यावरून पुढं राजूरचा घाट लागतो. चढावर आमची जीप उकळली. ड्रायव्हर पाण्याच्या शोधात गेला, आम्ही एका तिवसाच्या झाडाच्या सावलीला उभे राहिलो. सावली म्हणजे नावाची. दोन्ही अंगाला डोंगर भादरल्यासारखे. तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी खाली उतरत आली. अध्यक्षांनी तिला थांबवलं. ते अगदी कडक इस्त्रीच्या धोतरात होते, घाटातल्या धुळीतही.

“आजी, पूर्वी इथं जंगल होतं का हो?”

“व्हतं ना. वाघाचं भेव वाटे इतलं व्हतं.”

“मग गेलं कुठं?”

म्हातारीनं मोळी न उतरवताच त्यांच्या धोतराकडे बघितलं. “मंबईले गेलं, बाप्पा. कोयसा झाला त्याचा. तुमच्या या धोतराले इस्तरी केली ना कोनी, ते आमच्याच डोंगरानं.”

आम्ही हसलो. अध्यक्षही हसले, पण उपरण्यानं गुडघे झाकून घेतले. त्यांनी पुन्हा विचारलं, “आणि पाऊस?”

“पाऊस झाडाच्या ओयखीनं येत व्हता जी. ओयखीचंच कोनी राह्यलं नाई तं तो तरी कोनाच्या घरी उतरन?” एवढं बोलून ती चालू लागली. आमच्या चिटणिसानं विचारलं, हे कसं लिहून घ्यायचं? अध्यक्ष म्हणाले, तसंच्या तसं लिहा. पुढं छापताना ते गळालं.

बुलढाणा डोंगरावर वसलंय. संध्याकाळी वारा सुटतो आणि आपण त्याच उन्हाळ्यात आहोत यावर विश्वास बसत नाही. डाकबंगल्यात पंखे गरगर फिरत होते, दिवे लख्ख होते. वीजखात्याच्या इंजिनिअरांनी भिंतीवर नकाशा लावून गावं दाखवली. तांबडा ठिपका म्हणजे वीज पोचलेलं गाव. एक खांब आणि एक दिवा लागला की ठिपका तांबडा. माझी नजर आपोआप खाली मेहकरकडे, तिथून लोणारकडे सरकली. पळसखेडी तांबडी होती.

तो ठिपका माझाच होता. मी निवडून आल्यावर सभागृहात प्रश्न विचारला, मंत्र्यांच्या दारात बसलो, आणि यादीत पार मागं असलेलं ते गाव पुढं आणलं. इंदूनं कधी मागितलं नव्हतं. तिच्या माहेरची रीतच तशी : जावयाला द्यावं, त्याच्यापाशी मागू नये. तिचे वडील आमच्याकडे आले तर घरचं पाणीसुद्धा पीत नसत. शेजारच्या मास्तरांकडे जाऊन पिऊन येत. लेकीच्या घरचं घ्यायचं नाही म्हणजे नाही. आमच्या नगरकडेही जुनी माणसं असं पाळायची, पण इतकं कडक मी दुसरीकडे पाहिलं नाही. आणि इंदू ज्या गावातली तिथं जावई एका घराचा नसतो. गावची लेक दिली म्हणजे तो साऱ्या गावाचा जावई.

वीज आल्याचं मी तिला सांगितलं. त्या दिवसापासून दिवेलागणीला बटण दाबून बल्बला हात जोडले की ती हळूच म्हणायची, “आता आमच्या ओसरीवरबी लागला असन.” त्या एका वाक्यात मी तिची भाषा कधी दुरुस्त केली नाही.

खानसाम्यानं रात्रीचं जेवण वाढताना मनापासून सांगितलं, “साहेब, तुमी महिनाभर राहा. तुमी आल्यापासून लाइन गेली नाई. माहा बरफ पह्यल्यांदा जमला.”

धाड

याचा खुलासा धाडच्या बाजारात झाला. बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, बैलांच्या गळ्यातले घुंगरू, गुळावर घोंघावणाऱ्या माश्या. आमची जीप थांबताच धोतरवाले शेतकरी असे चालून आले की पोलीसपाटील मधे पडला.

“तुमीच का ते, बुलढाण्याच्या बंगल्यात झोपेल हाये ते?” एक धिप्पाड माणूस म्हणाला. “तुमचे पंखे फिरून राह्यले अन् आमच्या मोटारी बंद. तिकडची लाइन तुटू नाई म्हून इकडची कापली यायनं.”

इंजिनिअर घाईनं म्हणाले, “तसं काही नाही, भार जास्त झाला की...”

“भार आमी उचलतो ना, साहेब. तुमी फक्त वारा घ्या.”

तिथं तासभर आम्ही शिव्याच खाल्ल्या म्हणायला हरकत नाही. विहिरीत पाणी आहे पण वर काढायला वीज नाही, ऊस वाळला, संत्र्याची कलमं गेली. अध्यक्ष घामाघूम होऊन ऐकत होते. पण त्यांनी एकूण एक तक्रार लिहवून घेतली. जीपमध्ये बसल्यावर ते म्हणाले, “शिव्या देणारं गाव सुदैवी. त्याचं काम होतं. जिथं लाइन मेली आहे ती सगळी गावं मी पावसाआधी दुरुस्तीला घ्यायला लावणार. फक्त कुणीतरी तोंड उघडायला हवं.”

ते वाक्य मला आता झोपू देत नाही. तेव्हा नुसतं कानावरून गेलं.

मेहकर

मेहकरला एका जुन्या स्नेह्यांनी शेतात रोडग्याचं जेवण घातलं. कणकेचे गोळे पेटत्या गोवऱ्यांत भाजायचे, राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. आमच्या समितीतला एक हिशेबी सभासद ढिगाकडे बघून म्हणाला, एका जेवणाला एवढं शेण जाळलं तर शेताला खत काय घालणार? याला विजेची शेगडी हाच उपाय.

यजमान शांतपणे म्हणाले, “साहेब, अगोदर रोडगा खाऊन घ्या. मंग शेगडीचं बोलू. लायटीवर रोडगा करून दाखवान त्या दिवशी मी माया मिशा उतरवीन.”

हिशेबी सभासदानं चार रोडगे खाल्ले आणि शेगडीचा विषय पुन्हा काढला नाही.

दुपारी मी एकटाच जुन्या देवळात गेलो. गाभाऱ्यात समईच्या उजेडात काळ्या दगडाची उंच मूर्ती, आणि कुठंच विजेचा दिवा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला निघालो तेव्हा इंदूनं मला इथं आणलं होतं. पहिल्या क्षणी काही दिसत नाही. उभं राहिलं की हळूहळू आधी पाय दिसतात, मग हात, मग चेहरा. ती तेव्हा कानाशी म्हणाली होती, “घाई नका करू. दिसते.” मी उभा राहिलो. चेहरा दिसला. पण शेजारी कुणी नव्हतं.

आजारपणात ती मला एवढंच म्हणाली होती : एकदा घरी न्या, ओसरीवर दिवा लागलेला पाहायचाय. आयुष्यात तिनं मागितलेली ही एकच गोष्ट. मी म्हणालो, अधिवेशन संपलं की जाऊ. मग म्हणालो, अंदाजपत्रक झालं की जाऊ. मग जायची वेळ तिची आली.

पळसखेडी

सुलतानपूर सोडलं की रस्ता संपतो. जीप नाल्यातून, काळ्या मातीच्या भेगांवरून हादरत गेली. बरोबरीनं विजेचे खांब चालले होते. ते पाहून मला पोरासारखा आनंद झाला. खांब गावात शिरले, मारुतीपाशी थांबले, तिथून एक तार इंदूच्या घरावर उतरली होती.

साऱ्या गावानं वेशीवर डफडं आणलं होतं. समितीसाठी नाही, जावयासाठी. अध्यक्षांच्या गळ्यात एक हार, माझ्या गळ्यात सात-आठ. सासरे, ज्यांना मी मामा म्हणतो, काठी टेकत पुढं आले. डोळ्यांत पाणी होतं, पण इंदूचं नाव त्यांनी काढलं नाही. “या, जवाईबुवा. उन्हाचे आले.” एवढंच.

ओसरीवर पंगत बसली. सरगुंडे आणि गावरान आंब्याचा रस. हे सरगुंडे म्हणजे काडीवर गुंडाळून केलेल्या शेवया. जावई आल्याशिवाय सहसा होत नाहीत. वाढायला इंदूची चुलतबहीण कुसुम होती, सुलतानपूरला दिलेली, खास या दिवसासाठी माहेरी आलेली. जावयाला सारं गाव मान देतं. टोमणा मारायचा हक्क फक्त मेहुणीला. तिनं रसाची पळी माझ्या ताटावर धरली आणि पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली :

“भाऊजी, तुमचे खांब लयच कामाचे निंगाले हो.”

“का गं?”

“बकऱ्या बांधाले बरे पडते. अन् ते ताणाची तिरपी तार हाये ना, तिच्यावर गोधड्या झकास वायते.”

पंगत हसली. मामा हसले नाहीत. “कुसमे, रस वाढ,” ते म्हणाले.

मी वर पाहिलं. ओसरीच्या आढ्याला एक बल्ब लोंबत होता. भर उन्हाळ्यात, जिथं ताटावर पानाचा पंखा हलवला तरी धूळ बसते तिथं, त्या बल्बवर कणभर धूळ नव्हती. कुणीतरी तो रोज पुसत होतं. माझा घास तसाच हातात राहिला.

जेवणं झाल्यावर मारुतीच्या पारावर गाव जमलं. अध्यक्षांनी विचारायला सुरुवात केली.

“वीज आली गावात?”

“आली ना जी.”

“विहिरींवर मोटारी चालतात?”

“चालते ना.”

“लाइन जाते का मधेमधे?”

माणसं माझ्याकडे बघू लागली. मग एक म्हातारा पागोटं सावरत म्हणाला, “साहेब, गावचा जवाई दारात उभा हाये. आज तक्रार काहाची?”

सगळे माना हलवू लागले. इंजिनिअर बुटांकडे बघत होते. पाराच्या मागं विहिरीवर दोन बैल मोट ओढत होते. चाकाची करकर सगळ्यांना ऐकू येत होती, आणि त्या आवाजातच पारावरची माणसं आम्हाला सांगत होती की मोटारी चालतात. धाडच्या शिव्या खाऊन आलेल्या अध्यक्षांना हे गाव म्हणजे स्वर्ग वाटलं असावं. ते खुशीत म्हणाले, “बघा, असं समाधानी गाव पाहिलं नव्हतं.”

मी उठून घरी आलो. माजघरात सासूबाई, म्हणजे मामी, एकट्या होत्या. मी उभ्या उभ्याच विचारलं, “मामी, खरं सांगा. दिवा कधी लागला होता?”

त्यांनी पदर नीट केला. “लागला व्हता जी. दिवाळीपासून होयीपर्यंत. मंग त्या मोठ्या डब्यात जाळ झाला, फाटकन आवाज आला अन् गेली. कोनी आलं नाई पाहाले.”

“मला कळवायचं ना! एक कार्ड टाकायचं.”

“तुमाले?” त्यांना माझं बोलणं समजेचना. “जवायाले कसं सांगाव? तुमी एवढ्या हौसेनं धाडली, अन् आमी म्हनाव बिघडली, दुसरी द्या?”

“मग इंदूला तरी...”

“इंदीले आमी लिवत व्हतो. उजेड चांगला हाये, पोथी वाचता येते.” मग त्या जवळ आल्या. “तिले तसंच ठावं व्हतं ना, जवाईबुवा? शेवटपर्यंत?”

“हो,” मी म्हणालो. “रोज म्हणायची, आता लागला असेल.”

“मंग झालं,” त्या म्हणाल्या, आणि कोनाड्यातली काडेपेटी घेतली. दिवेलागण झाली होती. त्यांनी कंदिलाची काच पदरानं पुसली, वात लावली, कंदील ओसरीवर खुंटीला टांगला आणि हात जोडले. मग, सवयीनंच असावं, वरच्या मुक्या बल्बालाही जोडले.

तेवढ्यात अध्यक्ष, मामा आणि बाकीची मंडळी आली. जुन्या घराची रीत समजून अध्यक्षांनीही कंदिलाला हात जोडले. चिटणिसानं कागद पुढं केला. अध्यक्ष म्हणाले, “तुमची सासुरवाडी. तुम्हीच दोन ओळी लिहा म्हणजे निघू.”

कंदिलाच्या उजेडात मी लेखणी हातात घेतली. मामा समोर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. पुढं बरेच दिवस मी स्वतःला समजावलं की म्हाताऱ्याला समितीसमोर खोटं पाडायचं नव्हतं म्हणून मी तसं लिहिलं. ते खरं नाही. ‘वीज नाही’ असं लिहिलं असतं तर मामांना फक्त मान खाली घालावी लागली असती, आणि अध्यक्षांनी रागावून का होईना गाव दुरुस्तीला लावलं असतं. मला भीती होती ती दुसरीच. ते वाक्य कागदावर आलं की इंदू ज्या दिव्याकडे मनानं बघत गेली तो नव्हताच, हेही खरं होणार होतं. मी तिला आणलं नाही; निदान तिचा दिवा तरी आहे, एवढ्या आधारावर मी वर्ष काढलं होतं. गावाची विहीर, पोरांचा अभ्यास, मोट ओढणारे बैल यापेक्षा मला माझा आधार मोठा वाटला.

लिहून झालं. चिटणिसानं शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घातली आणि घडी केली.

जीपपाशी कुसुम आंब्यांची पाटी घेऊन आली. पाटी मागं ठेवता ठेवता हळू आवाजात तिनं विचारलं, “भाऊजी, काय लिवलं?”

मी पाटीवरचा पाला सारखा करत राहिलो.

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग टोमणा मारायच्या सुरात नाही, अगदी साध्या सुरात म्हणाली, “हाव, समजलं. तुमीबी आमच्याच गावचे निंगाले.”

परत

पाऊस येण्याआधी दुरुस्तीचं काम झालं. अध्यक्ष शब्दाला जागले. धाडकडच्या मोटारी चालू झाल्याचं पत्र आलं, शेवटी एक सौम्य शिवीही होती. मेहकरच्या स्नेह्यांनी कळवलं की त्यांच्या मिशा शाबूत आहेत. दुरुस्तीला घेतलेल्या गावांत पळसखेडी नव्हती. समाधानी गाव कोण दुरुस्त करतं?

आंबे मुंबईच्या खोलीत अढीत घातले होते. पिकले तसा वास भरून राहिला. ते सगळे मी एकट्यानं खाल्ले. सासुरवाडीचं जावयानं घेतलेलं चालतं. नेहमीच घेत आलो.

संध्याकाळी बटण दाबतो तेव्हा हात जोडले जातात. पूर्वी मी जोडत नसे, ती जोडायची. मग तिचं वाक्य ऐकू येतं, तिच्याच बोलीत, आणि वाटतं, एकदाच कुणीतरी मागून म्हणावं, “काऊन गप झाले?” म्हणजे मी सगळं सांगेन. मग आठवतं की त्या ओसरीवर आत्ता मामी कंदिलाची काच पुसत असतील, आणि नंतर तो बल्ब.

पुढच्या महिन्यात अधिवेशन आहे. मी पळसखेडीला एक वाक्य देणं लागतो. ते सभागृहात उभं राहून, माझ्या नावानं, माझाच अहवाल खोटा ठरवून म्हणायचं आहे : ‘गावात वीज नाही, आणि हे मला ठाऊक होतं.’ ते अजून दिलेलं नाही.